तिसऱ्या दिवसाचा फोन

१ डिसेंबर, सोमवार
नोकरी लागली. पद : क्षेत्र समन्वयक. आधीची पदं : तारकर्लीला स्कूबाच्या बोटीवर गिऱ्हाईक गोळा करणे (दोन सीझन), काजूच्या फॅक्टरीत (अकरा दिवस), गोव्याला हॉटेलात (त्याबद्दल लिहीत नाही). गौरजा मॅडमनी इंटरव्ह्यूला विचारलं, बारावी सायन्स का? म्हटलं, दोनदा. त्यांनी लिहून घेतलं.

काम असं. सर्दी, खोकला, घसा यांवर डॉक्टर लोक उठसूट अँटिबायोटिक लिहितात. बहुतेक वेळा गरजच नसते. आणि मग ज्या दिवशी खरी गरज पडते त्या दिवशी ते औषध लागू पडत नाही. हे गावोगावच्या फॅमिली डॉक्टरांना जाऊन समजावायचं. म्हणजे बारावीला दोनदा बसलेला माणूस एमबीबीएसची शिकवणी घेणार. आमच्या बायोलॉजीच्या सरांना कोणीतरी कळवायला हवं.

संकल्प : रोज ही वही लिहायची. सिगरेट बंद. आणि हातात घेतलेलं काम अर्धवट सोडायचं नाही. निदान मार्चपर्यंत.

२ डिसेंबर, मंगळवार
कुडाळला ट्रेनिंग. मुख्य गोष्ट पिवळं पाकीट. पेशंट गोळीसाठी हटून बसला तर डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायची, पण पाकिटात बंद करून द्यायची. तीन दिवस थांबा, बरं वाटलं तर फाडून टाका, नाही वाटलं तर उघडा. तिसऱ्या दिवशी मी फोन करून पाच प्रश्न विचारायचे. ताप आहे का, धाप लागते का, वगैरे. पाचवा लक्षात नाही. फॉर्मवर असेल.

मॅडम म्हणाल्या, फोन हा या सगळ्याचा कणा आहे. कणा शब्दाखाली दोन रेघा मारल्या.

घशात खवखव. बॅगेत स्कूबाच्या दिवसांतली अर्धी पट्टी सापडली, दोन गोळ्या घेतल्या. मला बोलायचं काम आहे, माझं वेगळं.

३ डिसेंबर, बुधवार
पहिले विद्यार्थी डॉ. हरिश्चंद्र तेंडोलकर. वालावलच्या रस्त्याला दवाखाना, प्रॅक्टिस चाळीस वर्षं. मला गोवरात यांनीच बघितलं होतं. ट्रेनिंगला मिळालेली बाराच्या बारा कार्डं दाखवली. मधे एकदा त्यांनी चष्मा पुसला, बहुतेक भारावून. मग म्हणाले, ह्या सगळा माका म्हायत आसा रे बाबली. पण मी गोळी दिलंय नाय तर पेशंट पुढच्या दवाखान्यात जाता आणि थंयसून दोन घेवन येता. तुझा पाकीट माका पटला. पण आयक. ह्या पाकिटातला अर्धा औषध तुझो फोन. तो चुकलो तर हो नुसतो कागद.

मी म्हटलं, चुकणार नाही.

ते म्हणाले, खिशातली पट्टी कोणाची? मी म्हटलं, सँपल.

५ डिसेंबर, शुक्रवार
आयडिया. पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात ढीगभर मजकूर छापलाय. वाचतो कोण? कुडाळला स्टिकर छापून घेतले, बरोबर त्याच जागी बसतात. मजकूर असा : बाबली परब, क्षेत्र समन्वयक, मोबाईल नंबर. फोन आल्याशिवाय पाकीट उघडू नये.

शेवटची ओळ माझी. वजन येतं तिने. दुपारभर बसून सगळ्या गठ्ठ्याला चिकटवले. एकही वाकडा नाही.

तीन डॉक्टर तयार झाले आणि एकूण नऊ पाकिटं गेली. शिकवण्याचा गुण रक्तात असावा लागतो.

७ डिसेंबर, रविवार
तीन जणांना तिसऱ्या दिवसाचे फोन एक दिवस आधीच करून टाकले. तिघेही बरे. त्यातला एक होडीच्या इंजिनाबद्दल अर्धा तास बोलला. पॅटर्न लक्षात आला : बरेच होतात सगळे. मॅडमनी हे आधीच सांगितलं असतं तर माझा वेळ वाचला असता.

८ डिसेंबर, सोमवार
मथुराआतेचा खोकला अंगणातूनच ऐकू आला. दहावीपर्यंत मी हिच्याकडेच होतो, त्यामुळे तिचे खोकले ओळखतो. हा खालून येत होता, विहिरीतून आल्यासारखा. गेल्या वर्षी अशीच होती तेव्हा मी माझ्याकडच्या दोन गोळ्या दिल्या होत्या. त्याच्या आधीच्या वर्षीही दोन. लगेच उठून बसायची. या खेपेला तसं केलं नाही. नोकरी आहे.

बाईकवर बसवून तेंडोलकर डॉक्टरांकडे नेली. वाटेत पाठीला तिचं कपाळ टेकलं होतं, शर्टातून गरम लागत होतं. डॉक्टरांनी पुढून मागून तपासलं. म्हणाले, छाती अजून साफ आसा. पण वय सत्तर, नजर ठेवक होयी. पाकीट दिलं, क्रमांक २४. परत मला म्हणाले, गुरवारी फोन. मी म्हटलं, डॉक्टर, घरची आहे.

घरी आल्यावर आतेला नीट समजावलं. शर्मिलावयनी, म्हणजे तिची सून, पण होती. सांगितलं, माझा फोन येईपर्यंत हात लावायचा नाही. आतेने विचारलं, ही पाकिटा बंद रवली तर तुझी नोकरी रवतली? म्हटलं, सगळी बंद राहिली तर जिल्ह्यात माझं नाव पहिलं. ती म्हणाली, मगे माझ्याकडसून उघडूचा नाय. आणि नेऊन देव्हाऱ्यात नारळाखाली ठेवलं.

असे पेशंट हवेत.

१० डिसेंबर, बुधवार. देवगड
देवगडला एक डॉक्टर आहेत असं ऐकलं होतं. ते मुलीकडे पुण्याला गेलेत. पण केयूर भेटला, शाळेतला. त्याची हापूसची बाग. मोहोर फुटलाय, फवारणीला माणूस कमी पडतोय. म्हटलं एक दिवस हात लावू. डॉक्टर येईपर्यंत.

केयूरने फांदी हलवली तर मोहोरातून तुडतुडे उडाले, कोणी मूठभर राई फेकल्यासारखे. म्हणाला, वडलांच्या काळात दोन फवारण्यांत मरायचे. आता हे बघ, ही चौथी. औषध बदललं तरी उभेच. मी म्हटलं, जोरदार घे एखादं. तो म्हणाला, जोरदारच आसा रे ह्या.

काम वेगळं, पण मनुष्याने सगळीकडचं ज्ञान घ्यावं.

११ डिसेंबर, गुरुवार
आज फोनचा दिवस. आते आणि आणखी पाच. पंपाच्या आवाजात काय ऐकू येणार? फोन सायलेंटवर टाकून झोळीत ठेवला. संध्याकाळी सहाला करायचे. नक्की.

रात्री ९
केयूरकडे जेवण झालं, सरंगा होता. आता लोक झोपले असतील.

१२ डिसेंबर, शुक्रवार
शर्मिलावयनीचे तीन मिस कॉल. कालचे दोन, आज सकाळी सहाचा एक. घावणे केले असतील, ये म्हणत असेल. आता केला तर नको म्हणायला जीवावर येणार. उद्या करू.

दुपारच्या सुट्टीत झाडाखाली बसून सगळे फॉर्म भरले, फोटो काढून मॅडमना पाठवले. ट्रेनिंगला दिलेल्या फॉर्मवर 'फोन कितव्या दिवशी केला' असा एक कॉलम आहे. 'तिसऱ्या' लिहिलं. 'ताप' : नाही. 'धाप' : नाही. 'स्थिती' : बरे. 'पाकीट' : बंद. आकडेवारी माझ्या पॅटर्नला धरून आहे, ही खोटी नव्हे, आगाऊ आहे. तेवीस वेळा 'बरे' लिहिल्यावर तो शब्दच कसातरी दिसायला लागला. चोविसाव्याला 'बरी' लिहायचं होतं, त्यामुळे जरा बदल मिळाला.

हाताचा औषधाचा वास तीनदा धुऊनही जात नाही.

१३ डिसेंबर, शनिवार
सकाळी तेंडोलकर डॉक्टरांचा फोन. मी फवाऱ्यावर होतो तरी उचलला, एवढा मी जबाबदार. म्हणाले, म्हातारी कशी आसा? फोन केलंस मां? मी म्हटलं, एकदम बरी. ते म्हणाले, बरा झाला. मी आज तिच्याकडे बघून येणार होतंय, आता नाय येत. हयसर बरीच गर्दी आसा.

बघा. माझ्यामुळे एका डॉक्टरची चक्कर वाचली.

वयनीचे मिस कॉल थांबले. म्हणजे घावणे संपले.

१५ डिसेंबर, सोमवार
गौरजा मॅडमचा मेसेज. माझी चोवीसपैकी चोवीस पाकिटं न उघडता राहिली, जिल्ह्यात दुसऱ्या कोणाचाच असा रिझल्ट नाही. १८ तारखेला कुडाळला डॉक्टरांची सभा, त्यात मी दहा मिनिटं बोलायचं. केयूरला वाचून दाखवला. तो म्हणाला, चोवीस सर्दीवाल्यांत एकाचापण बिघडला नाय? मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, माझ्या बागेत चोवीस झाडा बरी दिसली तर मी आधी भियान.

केयूर चांगला माणूस आहे, पण त्याला मोठा विचार जमत नाही.

भाषणाची सुरुवात : मान्यवर डॉक्टरहो.

१७ डिसेंबर, बुधवार. दुपारी १२
मॅडम म्हणाल्या, उद्या सभेत एखादा पेशंट दोन शब्द बोलला तर छान. आते! ती मालवणीत बोलेल, लोक हसतील, टाळ्या पडतील. आता फोन करतो. म्हणजे राहिलेला फोनपण होईल. एका दगडात... जे काय ते.

दुपारी १२.२०
वयनीने उचलला. म्हणाली, इलो मां फोन. देवान सांगल्यान ता खरा केल्यान.

मला कळलं नाही. मग ती एकेक सांगत गेली. आवाज चढवला नाही, त्यामुळे मधे बोलायला जागाच मिळेना.

गुरुवारी संध्याकाळी आतेला ताप परत चढला. वयनीने पाकीट काढलं, तर मागे माझा स्टिकर. मला फोन केला. परत केला. शुक्रवारी सकाळी केला. मग म्हणाली, आये, मी उघडतंय. आते म्हणाली, हात लावशीत तर बघ. बाबल्याची नोकरी जायत. डॉक्टरांकडे चल म्हटलं तर तेही नको, ते विचारतले पाकीट खंय. शनिवारी तिला धाप लागायला लागली, बसूनच झोपायची. वयनी घाबरली, आणि वाडीतल्या देवळात कौल लावायला गेली. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, देवाच्या अंगावर पाकळ्या लावल्या. मी विचारलं, काय विचारलंस? पाकीट उघडू का?

ती म्हणाली, नाय. ता इचारूक आये देयना. इचारला, बाबलीचो फोन येतलो काय.

उजवी पाकळी पडली.

म्हणून त्या थांबल्या. देवाने सांगितलं होतं, मी फोन करणार. रविवारी आतेचे ओठ निळे पडले, तेव्हा शेजारचा मंगेश रिक्षा घेऊन आला.

संध्याकाळी ६. हॉस्पिटल
न्यूमोनिया. दोन्ही बाजूंना. पहिलं औषध दोन दिवस दिलं, ताप हलला नाही. आज दुसरं चालू केलंय, वरचं. इथले डॉक्टर वयनीला विचारत होते, ह्यांनी आधी अर्धवट गोळ्या घेतल्या होत्या का कधी? वयनीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, दोन. मग म्हटलं, दोन आणि दोन.

डॉक्टर म्हणाले, त्याचमुळे असं म्हणता येणार नाही. पण लिहून घेतलं.

तेंडोलकर डॉक्टर आधीच येऊन बसले होते, दवाखान्याच्या चपलांवरच. आतेच्या उशाखालून पिवळं पाकीट काढलं, उलटं केलं, आणि माझा स्टिकर नखाने खरवडत बसले. चांगल्या गोंदाचा आहे, निघत नव्हता. निम्मा निघाला. खाली छापलं होतं : धाप लागल्यास किंवा ताप परत आल्यास वाट पाहू नका, त्वरित... पुढचं स्टिकरबरोबर फाटून आलं.

आतेने डोळे उघडले. मला बघून तोंडावरचा मास्क बाजूला केला. नर्स ओरडली. आते म्हणाली, फोन केलंस मां बाबल्या?

मी म्हटलं, केला.

म्हणाली, मगे आता उघडू?

१८ डिसेंबर, गुरुवार. सकाळी १०
अकराला सभा. भाषण खिशात. गौरजा मॅडमना फोन करून सांगितलं की चोवीसपैकी फोन मी तीनच केले होते. आणि स्टिकरचं. म्हणाल्या, स्टिकर किती पाकिटांवर आहे? म्हटलं, सगळ्या. म्हणाल्या, तू इथे येऊ नकोस. यादी काढ आणि आत्ता एकेकाला फोन लाव. मी डॉक्टरांना सांगते, ते घरोघर माणूस पाठवतील.

आतेचा ताप अजून आहे. दुसऱ्या औषधाचं उद्यापर्यंत कळेल म्हणतात. तेंडोलकर डॉक्टर रात्रभर बाकावर होते.

हॉस्पिटलच्या पायरीवर बसलोय. यादीत एकवीस, आते सोडून वीस. नवा फॉर्म काढला. पाचवा प्रश्न आज वाचला : घरात काळजी घ्यायला कोण आहे?

१०.१५
पाकीट क्रमांक ४. जानकी मेस्त्री, वय ७१, एकट्या राहतात. पाकीट दिलं ५ डिसेंबर. जुन्या फॉर्मवर : बरे.

रिंग पूर्ण वाजली. उचलला नाही.

१०.१७
परत लावला.