अख्खं धिरडं

९ जानेवारी, दुपार

ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

तुम्ही बरे आहात ना? गुडघा काय म्हणतो? आईला सांगा, मी वेळेवर जेवतो. पत्र पाहून दचकू नका. फोनवर आपण दोघं दुसऱ्याच वाक्याला एकमेकांवर धावून जायचो, म्हणून मी तो करणंच सोडलं. कागदावर निदान मला पान संपेपर्यंत बोलता येईल.

बाबा, जमलं! मक्याचं धिरडं अख्खं उतरलं!

हसू नका. कॉलेज सोडून इथे आलो तेव्हापासून एका नाश्त्याच्या दुकानात तवा सांभाळतोय. समोर बसचं वर्कशॉप, तिथली सगळी माणसं सकाळी आमच्याकडेच खातात. धिरड्यात असतं काय? मक्याचं पीठ, मीठ, पाणी, चमचाभर तेल. पण या पिठाला मुळी चिकटपणाच नाही. मी गार पाण्यात कालवायचो, लगेच तव्यावर घालायचो, लगेच उलथनं खुपसायचो, की झाला भुगा!

त्या वर्कशॉपात एक वेल्डर आहे. पहिल्याच दिवशी ताटलीकडे बघून म्हणाली, "हे खायचं की पाखरांना टाकायचं?"

मी भडकलो. "पटत नसेल तर दुसरं दुकान बघा!"

"बघितलं असतं हो, पण तिथे करमणूक नाही," म्हणाली आणि चमच्याने सगळा भुगा संपवला. बाबा, तिथेच माझा निकाल लागला. मग ती रोज येत राहिली आणि मी रोज भुगा वाढत राहिलो.

काल घाईत चहाचं उकळतं पाणीच पिठात ओतलं. मालक ओरडले, "अरे, खळ करतोस का?" झालं! पातेलं तसंच टाकून मी त्यांच्याशी भांडायला बाहेर. चांगली जुंपली. घसा बसल्यावर परत आलो, तर पीठ फुगून मऊसूत! तव्यावर घातलं आणि रागाने हाताची घडी घालून उभा राहिलो, कशाला हातच लावला नाही. कडा आपोआप सुटल्या. उलथनं अलगद आत गेलं आणि धिरड्याने गाढ झोपेतल्या पोरासारखी कूस बदलली. सोनेरी! माझ्या रागाचा आयुष्यात पहिल्यांदा कुणालातरी उपयोग झाला.

ते तिच्यासमोर ठेवलं आणि त्याच दमात लग्नाचं विचारलं. शेजारच्या ड्रायव्हरकाकांच्या नाकात चहा गेला.

तिने शांतपणे खाऊन संपवलं. मग म्हणाली, "घरी काय सांगितलंस?"

"घरी बोलत नाही मी."

"वडिलांशी अबोला धरणारा उद्या माझ्याशीही धरेल. आधी घरी लिही. मग माझं उत्तर माग."

म्हणून हे पत्र. पेटीत टाकलं की तडक वर्कशॉपच्या फाटकाशी जाऊन उभा राहणार आहे.

कॉलेजात मी परत जाणार नाही, हे आत्ताच सांगतो. त्यावरून ओरडायचं असेल तर इथे या आणि समोर बसून ओरडा. मी ऐकून घेईन. निम्मं तरी.

आणि बाबा, पत्र तिच्या अटीपायी सुरू केलं, हे कबूल. पण तिला दोन ओळी पुरल्या असत्या. बाकीचं तुम्हालाच सांगायचं होतं. दुसऱ्या कुणाला सांगणार?

अजूनही तुमचाच,
धाकटा