सरकलेला ठिपका

नारपोली, मे १९९६

प्रिय आक्कास, काशाचा नमस्कार.

तू कळवलंस, आता भटकणं पुरे, गावी ये आणि भावोजींच्या दुकानात बस. त्याचं उत्तर द्यायचंय, पण आधी दुसरंच सांगतो.

शुक्रवारी इथले कापडाचे लूम बंद असतात. गेल्या शुक्रवारी शेजारचे तात्या मास्तर गच्चीवर दुर्बीण घेऊन आले. ताऱ्यांमधला एक ठिपका दाखवून म्हणाले, "हा तारा नव्हे रे. हा वेस्टा. मंगळ आणि गुरूच्या मधून फिरणारा मोठा धोंडा."

मी गच्चीवरच आडवा पडलो होतो. लूमवरचा माझा जोडीदार रफीक मला ओरडला, "अबे, इतना बडा पत्थर ऊपर टंगा है और तू नीचे लेटा है? हट!"

मला तो बाकीच्या ताऱ्यांसारखाच दिसला. तरी आठवडाभर लूमवर उभा राहून मी त्यालाच आठवत होतो. आज पुन्हा बघितलं तर जागा रिकामी! जीव चरकला. तात्यांनी दुर्बीण जराशी वळवली. होता, दोन बोटं बाजूला, गुमान चमकत. सरकताना मात्र कुणालाच दिसला नव्हता.

आक्का, राजापूरच्या स्टँडवर एस्टीत बसवलंस तो काशा तू अजून शोधतेस. तो तिथं नाही गं. मला इथंच बरं वाटतं. दुकानात मी नाही बसणार.

हे वाचून तू रडशील आणि मी जवळ नसेन, म्हणून हे पत्र टाकत नाही. दोन दिवसांची सुट्टी मागून येतो आणि तुझ्यासमोर बसून सांगतो. मग हवं तर मार.

तुझ्या हातचं जेवून वाढलेला,
काशा