छातीत चढलेलं पोट

ती. ताई, दुरूनच तुझ्या पाया पडतो.

घाबरू नकोस, हृदय ठणठणीत आहे. परवा सभेत भाषण करताना छातीत कळ आली, ती पोटाची होती. छाती-पोटामधल्या पडद्याच्या भोकातून जठर वर चढलंय आणि पीळ बसून तिथेच अडकलंय, असं स्कॅनमध्ये दिसलं. आठ वर्षं मी त्याला पित्त म्हणत गोळ्या चघळल्या!

नाकातल्या नळीने मला खाटेला जखडलंय. दारापर्यंतही जाता येत नाही. तरी ऑपरेशन नको म्हणून तावातावाने भांडलो. सर्जनबाई म्हणाल्या, “साहेब, मुद्दे बिनतोड आहेत. पण जठराचा रक्तपुरवठा तुटला, तर ते मांडणार कोण?” मी सही केली.

आईचा गुडघा कसा आहे? पत्र पोचेल तोवर ऑपरेशन झालेलं असेल. माझा फोन आधी आला असेल, तर तिला काही सांगू नकोस. आला नसेल, तर तिच्याजवळ बसून तूच हे वाचून दाखव.

तुझाच भांडखोर,
धाकटा