तू खोडलेलं नाव

अरे,
तू आणि बाळ गाढ झोपलायत, म्हणून उठवत नाही. ड्युटीवर निघाले. दूध फ्रीजमध्ये आहे, कोमट करून दे त्याला.

माझी रजा संपली तरी पोरगं अजून बिननावाचंच. लसीच्या खिडकीवर दिवसभर बाळांची नावं मीच पुकारते, म्हणून काल आपली अख्खी यादी तिथे पुकारून पाहिली. एकेका नावाला तीन-तीन आया उठल्या. डोकं पिकलं.

शेवटी तळाशी तू लिहून खोडलेलं, तुझ्या दादाचं नाव घेतलं. कुणीच उठलं नाही. तो गेल्यापासून आपल्या घरातही ते कुणी घेत नाही.

मला तेच हवंय. आईंना तू विचार. रडल्या तर रडू देत. त्या नावाला ओ देणारं घरात कुणीतरी हवं.