तुझ्या नावाचं खोगीर

प्रिय थियाताई,

आपली गुराढोरांची रँच सरकारनं जतन केलीय, हे शिकागोत तुला कळलंच असेल. काल पाहुण्यांच्या घोळक्यात मीही शिरले. माहिती सांगणारी मार्लिस म्हणाली, "हे थियाबाईंचं खोगीर. याच्यावर बसून त्या मॉन्टानाच्या थंडीत गुरं हाकायच्या."

तू! वासरांना मालकीचा डाग देताना केस जळल्याचा वास आला, तरी ओकायचीस. घोडा फुरफुरला की घरात पळायचीस. पण बाबांनी तापल्या सळईनं खोगिरावर तुझं नाव उमटवलं होतं ना! तू लग्न करून गेलीस आणि मी त्याच खोगिरावर जन्म काढला. एकदा म्हटलं, "बाबा, आता तरी माझं नाव घाला." तर गुरकावले, "दुसऱ्याचा डाग बदलतो तो गुरंचोर, हुल्डा. आपण नाही."

मार्लिसला माझं तोंड वाकडं दिसलं असावं. तिनं मलाच विचारलं, "आजी, फोटोत थियाबाई एवढ्या उंच, मग पाय ठेवायच्या रिकिबी इतक्या वर कशा?"

जीभ नुसती शिवशिवत होती. पण बाबा आठवले. म्हटलं, "कुणीतरी चुकून वर घेतल्या असतील. सोड खाली."

तिनं सोडल्या. आता त्या अगदी तुझ्या मापाच्या झाल्यात. पण रिकिबींच्या चामडी पट्ट्यांवर माझ्या मापाची घडी पडलीय, ती काही हलली नाही.

एकदा येऊन बघून जा. हवा तर फोटो काढ. फक्त वर बसू नकोस. तुला टोचेल.

बिननावाची,
हुल्डा