तळव्यावरचं नाव

नाशिक, १० नोव्हेंबर २०२५

ती. कुसुमआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

दवाखान्यामुळे तुला साखरपुड्याला येता आलं नाही, म्हणून ही बातमी माझ्याकडूनच घे. मेंदी काढणाऱ्या उज्ज्वलाताईंनी नवऱ्याचं नाव विचारलं, नेमकी तेव्हाच आई आतून ललितदादाला हाका मारत होती. त्यांनी तेच नाव माझ्या तळव्यावर नक्षीत गुंफलं! वाळलेली मेंदी झाडली तेव्हा कळलं. साखरपुडाभर आल्हादशेजारी मूठ मिटून बसले. मग साखर-लिंबाने घासलं, वज्रीने घासलं. नाव तसंच, तळवा मात्र लाल होऊन चुरचुरतोय. लग्न तीस तारखेला. आल्हाद दोनदा भेटू या म्हणाला, मी टाळलं. फोनवर बोलावं तर घरभर पाहुण्यांचे कान, म्हणून तिकडे येणाऱ्या राजूदादाबरोबर हे पत्र. तू कातडीची डॉक्टर, काहीतरी औषध दे.

माया आहेच, ती वाढू दे.
तुझी यशश्री

सटाणा, ११ नोव्हेंबर २०२५

चि. यशश्रीस अनेक आशीर्वाद.

पेशंट समोर असताना पत्र वाचलं आणि हसू आवरेना. आधी घासणं बंद कर. मेंदीचा रंग कातडीच्या सगळ्यात वरच्या, मेलेल्या पेशींत बसतो. त्या रोज थोड्या थोड्या आपोआप झडतात, त्यांच्याबरोबर रंगही जातो. तळव्याचा थर जाड, म्हणून वेळ लागतो. साखरेचे दाणे या पेशी खरवडून काढतात. तू पार जिवंत कातडीपर्यंत खरवडलंस. चुरचुर थांबेपर्यंत नुसतं व्हॅसलीन लाव. मग सोबतचं लॅक्टिक ॲसिडचं मलम. त्याने पेशींना धरून ठेवणारा चिकटपणा सैल होतो आणि त्या न घासता सुटतात.

हे हाताचं झालं. आल्हादला टाळतेस ते मात्र बरं नाही. रंग जायच्या आत त्याला हात दाखव.

आठवण ठेवतेस, अशीच ठेव.
तुझी आत्या

नाशिक, २४ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

सोमेश्वरच्या देवळात आल्हादला भेटून मूठ उघडली आणि सगळं सांगितलं. त्याने तळव्यावरचं नाव वाचलं. मग हळूच म्हणाला, "मला वाटलं, मीच तुला नकोसा झालो." बिचारा दोन दिवस धड जेवला नव्हता. मला रडू आलं, आणि त्याला असं हसू फुटलं की आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. घरी त्याच्या आईलाही त्यानेच सांगितलं. त्या तर माझा हात धरून हसत सुटल्या.

चुरचुर थांबल्यापासून मलम लावायला रोज संध्याकाळी तोच येतो. आई चहा टाकते, बाबा उगाच पेपर चाळत बसतात. काल नाव पार गेलं. दोघांनीही पाहिलं. तरी आज तो वेळेवर आला आणि मी हात पुढे केला.

दोन दिवस आधीच ये. तुझा लोभ आम्हा दोघांवर असू दे.
तुझी यशश्री