पाय मी धरले होते

प्रिय इंदाय,

तुझं पत्र मिळालं. “गुड फ्रायडेला जेरिकोला घेऊन येतेय, मानोंग इस्कोला सांगून ठेव,” असं लिहिलंस, जणू पोराचं शिंप्याकडे माप द्यायचंय. फोनवर तू ‘हो टिया, बरं टिया’ करून या आत्याला गुंडाळलं असतंस, म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच.

तेवीस वर्षांचा तुझा मुलगा सकाळी लाकडासारखा ताठ उठतो, तासभर हिंडला-फिरला की सैल होतो, पडून राहिला की आणखी दुखतं. मधूनच डोळा लालभडक होतो. आणि तुम्ही तीन वर्षं त्याला आळशी म्हणत बसलात! मी तरी कुठे शहाणी? नाताळात आशीर्वादासाठी त्याने माझा हात कपाळाला लावताना मान जेमतेम झुकवली, तर मी चारचौघांत म्हणाले, “काय रे, जास्त वाकवली तर मोडेल का?” पोरगा नुसता हसला.

डॉक्टरने पाठीचा फोटो काढून अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस असं नाव सांगितलं, तर तू नावावरच चिडलीस. नाव अवघड असलं तरी दुखणं समजायला सोपं आहे. शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठतं. सूज येते, मग मणक्यांच्या मधे हाड धरतं आणि पाठ बांबूसारखी एकसंध होत जाते. औषध आणि रोजचा व्यायाम यांनी ते रोखता येतं. पण तुला म्हणे जन्मभराची औषधं नकोत, एका दिवसाचा हिलोट हवा, मानोंग इस्कोच्या हातचं तेल लावून हाडं मोकळी करणं.

हे दुखणं घराण्यातलं आहे. तुझ्या बापाला, माझ्या भावाला, एब्योंगला, तेच होतं. फक्त कुणी नाव दिलं नाही. चाळिशीत त्याला मान वळवता येईना. पुढे तो इतका वाकला की मिस्सात फादर पवित्र भाकर उंच धरायचे तेव्हा त्याला स्वतःच्या चपला दिसायच्या. पोरं ओरडायची, “मानोंग एब्योंग, काय हरवलं?” तो म्हणायचा, “तुमची अक्कल. तुमच्या बापांनी इथेच कुठेतरी सांडली.”

गुड फ्रायडेला देव मेलेला असतो, बाकीच्या शक्ती मोकळ्या असतात, म्हणून त्या दिवशी हिलोट करणाऱ्याच्या हाताला सर्वांत जास्त गुण, हे आपल्या बेटावर शेंबडं पोरही सांगेल. दहा वर्षं नन्सच्या हाताखाली शिकलेली मी त्याला हसायचे. तरी एका वर्षी मीच एब्योंगला म्हणाले, “चल रे, एकदा करून तर बघू. तोटा काय?”

तू नऊ वर्षांची होतीस. तुला मिरवणुकीला पाठवलं होतं. तुझा बाप चर्चच्या पायरीवरून घसरला असं आम्ही तुला सांगितलं. तो पायरीवर गेलाच नव्हता. तो माझ्या स्वयंपाकघरात चटईवर पालथा होता, मानोंग इस्कोचे तेलाचे हात त्याच्या मानेवर होते, आणि पाय मी धरले होते. सुका बांबू पायाखाली यावा तसा आवाज झाला. मानोंग इस्को म्हणाला, “सुटली बघ गाठ!” आणि मी देवाचे आभार मानले. मानोंग इस्को घरी गेल्यावर एब्योंग म्हणाला, “साल्बिंग, पाय सोडलेस का गं? मला तुझे हात कळत नाहीत.” मी सोडले नव्हते. एकसंध झालेला मणका काचेसारखा तुटतो, हे डॉक्टरने नंतर सांगितलं. अकरा दिवसांनी एब्योंग गेला. पायरीची गोष्ट मी रचली आणि गावाने मानली, मानोंग इस्कोनेही. म्हणून तो आजही माना मोकळ्या करतो. आता त्यालाही सांगायला जाणार आहे. गप्प राहणं हेही खोटंच, असं सिस्टर बेनिग्ना शिकवायच्या. मला कळायला पस्तीस वर्षं लागली. जेरिकोला आण, मिरवणूक दाखव, समुद्रात पोहू दे. पण त्याच्या मानेला हात लावायला कुणी आलं, तर या वेळी मी दारात आडवी उभी असेन.

तुला तोंड दाखवायला घाबरणारी, तरीही तुझीच,
टिया साल्बिंग